सुक्या मासळीच्या धंद्याला बीजीपी

बिझनेस फायबर विकायला आलेला माणूस आमच्या ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "धंदा कोणता?"

माझ्याकडे लॅपटॉप होता, शिफ्ट होती, बोईसरला बसणारा साहेब होता. धंदा तेवढा नव्हता. त्याच्या कंपनीचा नियम असा की बिझनेस कनेक्शन धंदेवाल्यालाच द्यायचं. नोकरदाराने घरगुती घ्यावं, त्यात सिनेमे फुकट येतात, असं तो मला समजावू लागला. घरगुती माझ्याकडे होतंच. त्याच्याच जाचाला कंटाळून मी या माणसाला सातपाटीपर्यंत बोलावलं होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. मागच्या दारी ती सोड्यांसाठी कोळंबी सोलत होती, हात तसेच होते. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लिही. सुक्या मासळीचा."

तिच्याकडे उद्योग नोंदणीचं प्रमाणपत्रही निघालं. मागे कुठल्याशा योजनेसाठी मीच ते काढून दिलं होतं. योजना आली नाही, प्रमाणपत्र राहिलं. त्या माणसाने त्याचा फोटो काढला, आईची सही घेतली, जाताना पिशवीभर बोंबील घेतले. पालघरच्या बाजारात जमिनीवर बसून बोंबील विकणारी माझी आई अशा रीतीने एका टेलिकॉम कंपनीच्या संगणकात 'एंटरप्राइज कस्टमर' झाली. त्यानंतर कंपनीचे जे फोन यायचे ते तिलाच यायचे. आपल्या उद्योगाच्या डिजिटल प्रवासाबद्दल आपण समाधानी आहात का, असं एकदा एका मुलीने तिला विचारलं. आईने सांगितलं की प्रवास टमटमने होतो आणि टमटमवाला टोपली ठेवायला कटकट करतो.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांचं नेटवर्क आमचं लहानसं ऑफिस सांभाळतं. कारखान्याचं इंटरनेट बसलं, कॅमेरे आंधळे झाले, गेटवरचा हजेरीचा डबा रुसला, की माझ्या लॅपटॉपवर लाल ठिपका उमटतो. मी घरात बसून तो हिरवा करायचा. आता दुसऱ्याचं नेट दुरुस्त करणाऱ्या बाईचं स्वतःचं नेट मधेच जात असेल तर तिला लोक काय म्हणतील? साहेब म्हणायचा. मराठीत सुरुवात करायचा, राग वाढला की हिंदीत जायचा. "पुढच्या वेळी लाइन गेली तर घर से काम बंद," असं त्याने मला सांगून ठेवलं होतं.

म्हणून बिझनेस फायबर. आणि फायबर आलं की त्यावर बीजीपी चालवायचं, हे माझ्या मनात कधीचं होतं.

बीजीपी म्हणजे राऊटरांची आपापसातली बोली. इंटरनेट हे एक गाव नाही, हजारो गावं आहेत, आणि प्रत्येकाचा कारभारी वेगळा. कुठे जायचं असेल तर कुठल्या वाटेने जावं, हे ती गावं एकमेकांना या बोलीत सांगतात. माझ्यामार्फत इथे पोचता येईल, एवढंच. त्यांचा एकमेकांवर विश्वास असलाच पाहिजे असं नाही, बरेचदा नसतोच. फक्त दोघांनीही आपापल्या बाजूने लिहून ठेवावं लागतं की हा माझा शेजारी. मग ते अधूनमधून एकमेकांना 'मी आहे' असं कळवत राहतात. ठरलेल्या वेळात एकाचा आवाज आला नाही, की दुसरा त्याला मेला असं धरून चालतो आणि वाट बदलतो. शोक वगैरे करत नाही. मला या बोलीचं फार कौतुक आहे. आमच्या घरात तेव्हा एवढीही सोय नव्हती.

तर माझी इच्छा अशी की आमच्या फायबरवर कंपनीने माझ्याशी बीजीपी बोलावं. मी कस्टमर केअरला फोन लावला. समोरच्या मुलीने खातेदाराशी बोलायचं म्हटलं. खातेदार तेव्हा गच्चीत बोंबील पालटत होती. मी वर जाऊन तिला काय बोलायचं ते शिकवलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मला बीजीपी पाहिजे," आई म्हणाली.

"जीएसटी का, मॅडम?"

"जीएसटी नाय. बीजीपी. माझ्या लायनीवर चालू करा."

मुलीने आम्हाला वरच्या माणसाकडे दिलं, त्याने त्याच्या वरच्याकडे. शेवटी ज्याला बीजीपी ठाऊक होतं असा एक इंजिनिअर फोनवर आला. आवाजावरून भला वाटत होता. असं काही या प्लॅनमध्ये मिळत नाही, ते मोठ्या लीज लाइनवर मिळतं, बँका आणि डेटा सेंटरवाले घेतात, असं त्याने नीट सांगितलं. मग कुतूहलाने विचारलं, "आपली कंपनी काय करते?"

"सुके बोंबील," आई म्हणाली. "सोडे पन हायत."

मग त्याने विचारलं, सोडे कुरिअरने पाठवता का. आईने त्याचा पत्ता घेतला. बीजीपी मिळालं नाही, पण गिऱ्हाईक मिळालं, आणि ती कॉल फुकट गेला नाही अशा चेहऱ्याने बोंबलांकडे वळली.

कंपनी देत नाही म्हटल्यावर मी आडवाटेने गेले. मुंबईत भाड्याने एक सर्व्हर घेतला आणि आमच्या राऊटरपासून तिथपर्यंत टनेल काढला, म्हणजे कंपनीच्या रस्त्याखालून आपलं खासगी भुयार. त्या भुयारातून दोघं बीजीपी बोलू लागले. कंपनीला पत्ताही नाही. राऊटर देवघराच्या बाजूला होता, कारण घरातला मोकळा सॉकेट तेवढाच होता. खंडेनवमीला आईने कोयता, काटा, सोलायची विळी यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू फटीतून आत गेलं; काही बिघडलं नाही.

बिघडलं ते हळदीला. आमच्या आळीत एका लग्नाची हळद होती आणि हळदीला डीजेची गाडी आली. स्पीकरवर स्पीकर रचून तिची उंची आमच्या पहिल्या मजल्याला लागली होती. भर दुपारी ती गल्लीत शिरली, आमच्या फायबरमध्ये अडकली आणि नाचणाऱ्यांसकट पुढे गेली. फायबर बिचारं कोपऱ्यापर्यंत वरातीबरोबर गेलं. मी तेव्हा एका रंगाच्या कारखान्याचा राऊटर निम्मा बदलून ठेवला होता. निम्मा जुना, निम्मा नवा, आणि मी बाहेर. एवढं सगळं बीजीपी चालवून माझ्या हाती एकच वाट होती, आणि एकाच वाटेवर वाट बदलणार कोण?

साहेबाने त्या दिवशी मराठीत सुरुवातच केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बोईसरला जाऊ लागले. आमचं ऑफिस एका खानावळीच्या डोक्यावर आहे. सकाळी फोडणीचा वास, दुपारी वसाहतीतून येणारा तो आंबूस, डोळ्यांना लागणारा वास, आणि संध्याकाळी दोन्ही. मला बसायला छापखान्यातून आणलेलं टेबल दिलं होतं, त्याला शाईचे डाग होते. शेजारचा सहकारी सतत फोनवर "भय्या, एक बार स्विच बंद करके चालू करो" म्हणत असे. रिक्षा, शिफ्टच्या बसची रांग, परत रिक्षा. घरी येईस्तोवर माझ्या केसांना कारखान्याचा वास आणि घराला मासळीचा, अशी आमची गाठ पडायची. मावळत्या सूर्याकडे तोंड करून चहा प्यायची माझी सवय मोडली, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. हे मी साहेबाला सांगितलं नाही.

आता मावशीबद्दल सांगायला हवं.

माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, आणि सख्ख्या जावाही. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. आमची घरं भिंतीला भिंत लावून, गच्च्यांमध्ये मांडीएवढा कठडा. बाबा आणि काका एकाच बोटीवर जातात. आई आणि मावशी पालघरच्या बाजारात शेजारी शेजारी बसतात, कारण जागा आजीच्या काळापासून ठरलेल्या आहेत, आणि उन्हाची छत्री दोघींत एकच आहे. एवढं सगळं असून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. किती वर्षं, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. कारण असं की आईचं कायमचं गिऱ्हाईक समोर उभं असताना मावशी म्हणाली होती, "हिच्या सोड्यात रेती लागते." ती गमतीत म्हणाली की खरंच, यावर दोन मतं आहेत. गिऱ्हाइकाने मात्र त्या दिवशी मावशीकडून घेतले.

तेव्हापासून छत्री सरकवायची असेल तरी दोघी ती खोकून सरकवत.

मी बोईसरला जाते हे मावशीच्या सुनेला कळलं. वहिनी पाम गावची, चिकूच्या वाडीतली मुलगी. मासळी खाते आवडीने, पण मासळीवरून भांडणं तिला पटत नाहीत. ती कपडे वाळत घालायला गच्चीत आली होती, मी रविवारची तिथेच बसले होते. तिने विचारलं, मी केविलवाणं तोंड करून सगळं सांगितलं. तिने बाळाचं झबलं दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "मग आमचा नेट घ्या ना. आमचा बंदराच्या बाजूने येतो. तिकडे डीजे जात नाय."

खरंच, मावशीकडेही फायबर होतं. आईकडे आलं म्हणून तिने लगेच आणवलं होतं, आणि मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं. ते आमच्या आळीतून येतच नव्हतं. दोन कंपन्या, दोन दिशा, दोन वेगळे खांब. ज्या गोष्टीसाठी तारापूरचे कारखानदार आमच्या ऑफिसला विनवण्या करतात, ती दोन बहिणींच्या वैराने आमच्या गच्चीवर आयती आणून ठेवली होती.

"मावशी?" मी विचारलं.

"त्यांना कशाला सांगायचं? तुमच्या भांडनात मी नाय. मी पामची."

पुढच्या रविवारी, आई आणि मावशी बाजारात गेल्या असताना, आम्ही कामाला लागलो. मी बाहेर टिकणारी जाड केबल आणली होती. बोंबील ज्या बांबूंवर टांगतात त्यातल्या खालच्या बांबूच्या आतल्या अंगाने ती नेली, कठड्याच्या पायाशी एक भोक होतं त्यातून पलीकडे काढली, आणि वहिनीने ती त्यांच्या खिडकीतून आत ओढली. टोकांना मी सिलिकॉन भरलं, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्याला तांब्याचं फार वेड आहे. वहिनीच्या घरात टीव्हीमागे एक लहानसा राऊटर ठेवला. मग जमिनीवर मांडी घालून मी दोन्हीकडे लिहिलं: हा तुझा शेजारी, हा तुझा. मावशीच्या लाइनवरूनही मुंबईपर्यंत एक भुयार काढलं.

दोघांचं बोलणं सुरू झालेलं स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी वहिनीला ते कौतुकाने दाखवलं. तिने ओळी वाचल्यासारखं केलं. बाळ केबलचं उरलेलं टोक चावत होतं, ते तिने काढून घेतलं.

साहेबाला मी कळवलं की आता माझ्याकडे दोन वाटा आहेत. त्याने एक आठवडा बघू म्हटलं. आठवड्यात आमची लाइन एकदा गेली. बर्फाचा ट्रक वळताना खांबाला घासला होता. मी तेव्हा साहेबाशीच व्हिडिओवर बोलत होते. स्क्रीनवर त्याचा चेहरा क्षणभर गोठला, तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि मग वाक्य पुरं झालं. काही झालं का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, काही नाही.

फोन ठेवल्यावर मला नाचावंसं वाटलं. मी गच्चीत जाऊन वहिनीला हाक मारली आणि सांगितलं की आमची लाइन पूर्ण तुटलेली आहे, ट्रकवाला खाली शिव्या खातोय, आणि मी तरी बोलत राहिले.

"म्हंजे काय झालं?" तिने विचारलं.

"काहीच झालं नाही. तेच तर."

तिने माझ्याकडे थोडं काळजीने पाहिलं. काही न घडण्यासाठी आपण केबल ओढली, भोकात हात घातला, बाळाच्या तोंडातून वायर काढली, हे तिला बहुधा तेव्हाच कळलं. माझ्या धंद्यात हे नेहमीचं आहे. घर जळलं नाही म्हणून विझवणाऱ्याला कोणी हार घालत नाही.

काही महिने असंच सुखात गेलं. आईला वाटायचं कंपनीने लाइन सुधारली. आपण त्या इंजिनिअरला सोडे दिले त्याचा हा परिणाम, असं तिने शेजारणीला सांगितल्याचंही मी ऐकलं. मी खोडून काढलं नाही.

उघडकीला आलं ते मावशीच्या कंपनीच्या प्रामाणिक माणसामुळे. एके सकाळी तो शिडी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, तुमची लाइन परवापासून बंद दिसते, दुरुस्तीला आलोय. मावशी म्हणाली, बंद कुठे, काल रात्री मालिका पाहिली. तो म्हणाला, शक्यच नाही. बंदरावर बोट ओढताना तार तुटली आहे, तुमच्याकडे काही येतच नसणार. मावशीने टीव्ही लावून दाखवला. मालिकेतली सासू स्वच्छ दिसत होती. त्या माणसाने डोकं खाजवलं, टीव्हीमागे वाकला आणि म्हणाला, "हा डबा आमचा नाय, मावशी."

मावशीने डबा पाहिला. डब्यातून निघालेली केबल धरली आणि ती जिथे जाईल तिथे गेली. खिडकी, गच्ची, कठडा. भोकापाशी ती वाकून थांबली. पलीकडे आई बोंबील काढत होती, आणि मी खाली खोलीत शिफ्टवर होते. मला पहिलं ऐकू आलं ते मावशीचं वाक्य. इतक्या वर्षांत तिने आईला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य, म्हणून जसंच्या तसं देते.

"तुझा नेट माझ्या घरात कशाला घातला?"

मी वर पोचले तोपर्यंत आईलाही केबल दिसली होती. तिच्या हातात बोंबलांची जुडी होती. तिने केबलकडे, माझ्याकडे आणि पलीकडच्या जिन्यातून वर आलेल्या वहिनीच्या डोक्याकडे पाहिलं, आणि काय घडलंय ते तिला एका नजरेत कळलं. पण बहिणीसमोर आपल्याला माहीत नव्हतं असं कबूल करणं तिला शक्य नव्हतं.

"घातला," ती म्हणाली. "तुझा बंद होता. माझ्यावर जगलीस दोन दिवस. रेती लागली काय?"

मग जे झालं ते सगळं मी सांगणार नाही. त्यात आजीच्या पाटल्या होत्या, लग्नातलं एक पातेलं होतं, कुणाच्या बाळंतपणात कोण आलं आणि कोण नाही आलं ते होतं. खाली शिडीवाला वाट बघत होता. आळीतली माणसं आपापल्या गच्चीत काही ना काही पालटायला आली. वहिनी बाळाला घेऊन आत गेली. तिच्या पामच्या असण्याचा त्या दिवशी उपयोग झाला नाही, नंतर तिला भरपूर ऐकून घ्यावं लागलं. शेवटी मावशीने केबल हिसकली. माझं सिलिकॉन चांगलं होतं, ती लगेच निघाली नाही. तिला दोन हात लावावे लागले. मग निघाली. मावशीच्या घरात मालिकेतली सासू बोलता बोलता थांबली.

मला वाटलं, संपलं. परत खानावळीच्या डोक्यावर. बाबा आणि काका दुसऱ्या दिवशी समुद्रावरून आले तेव्हा त्यांना बोटीवरच बातमी मिळालेली होती. दोघांनी मिळून ठरवलं की या विषयात पडायचं नाही, आणि दोघं जाळं शिवायला बसले.

पण मावशीची लाइन त्या दिवशी दुरुस्त झाली नाही. तार बंदराच्या मोरीखालून जात होती आणि पाणी उतरल्याशिवाय ओढता येईना. मावशीचा मुलगा, वहिनीचा नवरा, तेव्हा बाहेरदेशी जहाजावर होता आणि ठरलेल्या वेळी व्हिडिओ करायचा. ती वेळ आली आणि गेली. मोबाइलवर चेहरा दिसेना, नुसते चौकोन. आमच्या भिंतीतून मावशीचा "हॅलो, हॅलो" ऐकू येत होता. आई जेवत होती. तिने घास खाली ठेवला.

"ती तार परत जोडता येल?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, येईल, पण मावशी परत उपटेल.

"तिला सांग, पोराशी बोलायला देते. तिच्या मालिकांना नाय देनार."

हा निरोप घेऊन मी पलीकडे गेले. मावशी खाटेवर बसली होती, मोबाइल मांडीवर. तिने निरोप शांतपणे ऐकला आणि तिच्याही अटी सांगितल्या. तिची लाइन चालू झाली की तिच्यावरून माझं ऑफिसचं काम जाऊ दे, पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. पण आई दिवसभर फोनवर जे पाककृतींचे व्हिडिओ बघते, ते तिच्या लाइनवरून गेलेले चालणार नाहीत. ज्या बाईला रेती निवडता येत नाही तिने पाककृती कशाला बघाव्यात, असंही ती म्हणाली. हा भाग मी निरोपातून वगळला.

आणि मग मी बसून तेच लिहिलं. बीजीपीमध्ये हे सगळं लिहिता येतं: कुणाचं काय कुठल्या वाटेने जाऊ द्यायचं, कुणाला वाट आहे हे सांगायचंच नाही. कामावर मी अशा अटी कारखान्यांसाठी शेकड्याने लिहिल्या आहेत, कधी त्यामागे कोण रागावलेलं आहे याचा विचार केला नव्हता. आईच्या फोनसाठी एक ओळ, मावशीच्या टीव्हीसाठी एक, माझ्या लॅपटॉपला दोन्हीकडे मोकळीक, वहिनीच्या मोबाइलला दोन्हीकडे मोकळीक. ही शेवटची मी कुणाला न विचारता टाकली. संध्याकाळी मुलाचा चेहरा नीट दिसला. आई आमच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती आणि टीव्हीचा आवाज तिने बंद केला होता.

त्यानंतर अटी बदलत राहिल्या. मावशीला कळलं की आईचे व्हिडिओ अडवले तरी कुरिअरच्या गिऱ्हाइकांच्या बोंबलांच्या ऑर्डरी आपल्याच लाइनवरून आईला येतात. त्या अडवता येतील का, असं तिने मला विचारलं आणि दोन दिवस विचार करून नको म्हणाली, धंद्यात आडवं जाऊ नये. आईने मावशीच्या मालिकांमधली एक सोडली, कारण ती तिलाही बघायची होती. प्रत्येक वेळी निरोप माझ्यामार्फत. मी शिफ्टवर असले तर त्या वहिनीला गाठत. वहिनीच्या तोंडून निरोपाचा अर्थ बदले, मुद्दाम की कसा माहीत नाही, आणि मग दुरुस्तीसाठी आणखी निरोप. एक दिवस माझ्या मीटिंगच्या मधेच आई दारात उभी राहिली, मी हाताने थांब म्हटलं. ती थोडी थांबली, मग जिन्यावरून वर गेली आणि कठड्यापाशी उभी राहून तिने सरळ पलीकडे हाक मारली. साहेबाने विचारलं, पीछे कौन चिल्ला रहा है. मी म्हटलं, कस्टमर आहे.

रेतीचं काय झालं, असं लोक मला विचारतात. काही झालं नाही. आई अजून म्हणते की सोड्यात रेती नव्हती, मावशी म्हणते तिच्या दाताखाली आली होती. बाजारात छत्री आता तोंडाने सांगून सरकवतात, एवढं मी एकदा जाऊन बघितलं आहे. गिऱ्हाईक ओढायची स्पर्धा आहे तशीच आहे.

परवा मात्र दोन्ही लाइनी एकदम गेल्या. रात्रभर दर्याचं वारं सुटलं होतं, आळीतला खांब वाकला आणि बंदराकडचाही. बीजीपीने दोन्ही वाटा मेल्या असं जाहीर केलं आणि त्याचं काम संपलं. मी लॅपटॉप पोटाशी धरून स्कूटीवरून बोईसर गाठलं, डाग असलेल्या टेबलावर दिवस काढला आणि अंधार पडायच्या आत परत आले. आई ओटीवर बसून जुड्या बांधत होती. वारं थोडं उतरलं होतं.

"तुझ्या मावशीच्या लायनीला उद्या मानूस येनार," ती म्हणाली. "आपल्याला परवा. ती बोलली, तिची लागली की आधी तुझं काम जोडून घे."

"कधी बोलली?"

"बोलली म्हंजे काय," आई म्हणाली, "सकाळपासून ओरडतेय."